लातूर स्टेशनावर पाय धुतले त्याची हकिकत

लातूर (आता जिल्हा),
चैत्र, १९८३

तीर्थरूप अण्णांना सौदामिनीचा उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घालायचा होता, पण कंबर धरली आहे. हंडे वाहून धरली आहे, दुसरं काही नाही, वहिनींना काळजी करू देऊ नका.) आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमचा दमा कसा आहे? वहिनींचे गुडघे? गोदावरीला पाणी आहे का? हा शेवटचा प्रश्न मी प्रकृतीच्या प्रश्नांतच विचारला, यावरून इकडची तऱ्हा ओळखा. हल्ली इथे माणूस माणसाला भेटला की "कसं काय" विचारत नाही. "आला का?" एवढंच विचारतो, समोरचा "न्हाई" म्हणतो आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात. टँकरबद्दल चाललेलं असतं.

बार्शीच्या पाहुण्यांचं काय झालं आणि इंदूचं जमलं की नाही, हे तुम्हाला पहिल्या ओळीत हवं असणार. साहजिक आहे. स्थळ तुम्ही आणलंत, शब्द तुम्ही टाकलात. पोरगी बी.ए. होऊन घरात बसली आहे आणि याआधीची तीन स्थळं "कळवतो" म्हणून गेली ती अजून कळवत आहेत. माझा जीव किती टांगणीला लागला होता ते मी सांगायला नको. पण निकाल मी शेवटी सांगणार. आधी सांगितला तर तुम्ही पत्राची घडी करून चष्म्याच्या घरात ठेवाल आणि पेपर वाचायला घ्याल. मी तुम्हाला लहानपणापासून ओळखते.

तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हा लातूर तालुक्याचं गाव होतं. आता जिल्हा झाला, आणि तालुक्याला पडायचा तेवढाही पाऊस जिल्ह्याला पडला नाही. पाट्या रंगवणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं "जिल्हा केशकर्तनालय" अशी पाटी लावली, आत दाढी कोरडीच करतो. आमच्या ह्यांना (म्हणजे तुमच्या मेव्हण्यांना, रेणुकादासरावांना) तहसिलीतून उचलून नव्या जिल्हा कचेरीच्या टंचाई शाखेत बसवलं आहे. बसवलं आहे म्हणायचं एवढंच, खुर्च्यांची टंचाई असल्यामुळे निम्मे कारकून उभेच असतात. शाखेत एक माठ आहे, त्यात टाचण्या ठेवतात.

तर अशा दिवसांत तुमचं पत्र आलं की रविवारी सकाळच्या गाडीनं बार्शीचे वकीलसाहेब येत आहेत. चौघे असतील, वडील पांढऱ्या टोपीचे, आई, मुलगा आणि मुलाची बहीण. मला आनंद झाला आणि लगेच घाम फुटला. अण्णा, आपल्यात पाहुणा दारात आला की आधी पायांवर पाणी, मग गूळ-पाणी, मग चहा, आणि त्यानंतर "कोण, कुठले". पाय धुण्याआधी नाव-गाव विचारणं म्हणजे उंबऱ्यावर झडती घेणं, असं आई म्हणायची. आता आठ पायांना पाणी कुठून आणू? आम्ही भांडी राखेनं घासतो आणि त्याच राखेनं पुसतो. मुलगी पाहायला आलेल्या व्याह्यांना काय ओलं फडकं देऊ?

तेव्हा ह्यांना सुचलं. (ह्यांना सुचतं तेव्हा मी आधी देवाजवळ दिवा लावते.) म्हणाले, कार्यक्रम स्टेशनावर करू. वेटिंग रूम आहे, बाक आहे, स्टेशनमास्तर माझे पानाचे मित्र आहेत, आणि मुख्य म्हणजे तिथे पाणी आहे.

तुम्ही नांदेडचे. तुमच्याकडे मीटरगेज, मनमाडहून आलेली गाडी हैदराबादेकडे जाते, त्यामुळे तुम्ही आमच्या गाडीला खेळण्यातली म्हणता. म्हणा. रूळ इतके जवळ आहेत की डब्यात समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे ओळखीचे होतात, हे मला कबूल आहे. पण नांदेडहून गाड्या जातात, लातूरला गाडी येते आणि थांबते. पुढे रूळच नाहीत. गाव हेच तिचं शेवटचं ठिकाण, आणि स्टेशन गावाच्या अगदी पोटात. तूर, गूळ, शेंगा, सगळं इथूनच गेलं, म्हणून लातूरची बाजारपेठ झाली. कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार फलाटावर भाकरी सोडतात, मंडईला जाणाऱ्या बायका रूळ ओलांडून जातात. घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा पडला की आसपासच्या घरांत कुकर उतरतात. बहात्तर साली लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, ह्याच वाघिणींतून आली आणि आपण नाकं मुरडत तिच्या भाकरी खाल्ल्या.

आणि त्याच्याही आधीचं तुम्हाला आठवतं ना? रझाकारांचे दिवस. औशाहून बैलगाडीत कडब्याखाली बसून आपण ह्याच स्टेशनावर आलो होतो, आई, तुम्ही आणि मी. आईनं मंगळसूत्र चोळीच्या अस्तरात शिवलं होतं. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर, तिथे पोचलं की सुटलो. गाडी हलली तेव्हा आईनं खिडकीतून हात काढून रुळांना नमस्कार केला होता. तुम्ही बारा वर्षांचे असून रडत होतात. (वहिनींना हे वाचून दाखवू नका.) मला त्या दिवसापासून ही गाडी देवासारखी वाटते, हसायचं तर हसा.

स्टेशनामागे रेल्वेची काळ्या दगडाची विहीर आहे, इंजिनांसाठी बांधलेली. ह्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरींचे तळ दिसले, हिचा दिसला नाही. तिचं पाणी टाकीत चढवतात आणि टाकीतून लोखंडी सोंडेनं इंजिनात सोडतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हातातला हंडा तसाच राहिला. एवढं पाणी! एवढा आवाज! पाण्याचा असा धो धो आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. सोंडेखाली सांडतं ते भरायला बायकांची रांग असते, आणि एक भला ड्रायव्हर इंजिनातलं गरम पाणीही बादलीत सोडून देतो. स्टेशनाभोवतीचं निम्मं गाव सध्या इंजिनाच्या पाण्यानं आंघोळ करतं. अंगाला कोळशाचा वास येणं इथे आता श्रीमंतीचं लक्षण आहे.

इंदू एवढंच म्हणाली, "आई, स्टेशनावर दाखवायला मी काय पार्सल आहे?" पण हिरवं पातळ नेसली आणि आली. मी पोहे केले होते, गुळाचे खडे घेतले होते. ह्यांनी पहाटेच जाऊन इंजिनाचं गरम पाणी दोन बादल्या मिळवलं होतं आणि घरचा पितळी तांब्या चिंचेनं लख्ख घासला होता.

गाडी आली, सगळा फलाट बादल्या घेऊन इंजिनाकडे धावला आणि त्या गर्दीतून चौघं आमच्यासमोर उतरले. पांढरीशुभ्र टोपी घातलेले वडील, नवं लुगडं नेसलेली आई, घड्याळ बांधलेला मुलगा आणि खांद्याला पिशवी लावलेली उंच मुलगी. तुम्ही लिहिलं होतं त्यात तिळाचा फरक नव्हता. हे धावले. नमस्कार केला, बाकावर बसवलं, बादली पुढे ओढली आणि थेट त्या गृहस्थांच्या पायांवर तांब्या धरला.

ते दचकले. "अवो साहेब, काय करायलात? ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यांनी पाय बाकाखाली ओढले. ह्यांनी बाकाखाली वाकून ते पुन्हा बाहेर काढले. मुलाचा बाप आणि एवढा विनय! ह्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की जणू अर्धं लग्न लागलंच. बोलणं जरा रांगडं वाटलं खरं, पण मी मनाशी म्हटलं, वकील आहेत, खेड्यातल्या अशिलांशी बोलून बोलून सवय झाली असेल. मग मी त्या बाईंच्या पायांवर पाणी घातलं. त्या पायांवरून ओघळणारं पाणी बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "बाई, ह्या वयापत्तुर माज्या पायावर कुनी पानी घातलं न्हाई. लेकीच्या नोकरीनं घातलं." मला वाटलं, मुलाची बहीण नोकरी करते त्याचं कौतुक चाललं आहे. कौतुक करणारी सासू आहे म्हटल्यावर मला भरूनच आलं.

मुलानं पोहे दोनदा घेतले. वडिलांनी "मिरची कमी हाय, पर ग्वाड लागतंय" असं सांगून तिसऱ्यांदा घेतले. मग इंदूला समोर बसवून विचारलं, "शिकलीस किती, पोरी?" ती म्हणाली, बी.ए. तर ते म्हणाले, "मंग घरी कामून बसलीस? नोकरी कामून करंनास?"

अण्णा, मी थक्क झाले. आजवर तीन ठिकाणच्या लोकांनी माझ्या पोरीला पुरणपोळी येते का विचारलं, विणकाम विचारलं, एकानं तर चालून दाखवायला लावलं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्हीही नाही. इंदू मान वर करून बोलायला लागली ती थांबेचना. बँकेची परीक्षा द्यायची आहे, पुस्तकं नाहीत, बाबा नको म्हणतात, सगळं सांगितलं तिनं. (बाबा तिथेच तांब्या धरून उभे होते.) ती उंच मुलगी सरकून तिच्याशेजारी बसली, म्हणाली, "माझी पुस्तकं देते की." दोघी अशा बोलत होत्या की आम्ही तिथे नव्हतोच.

हे संधी साधून म्हणाले, "मग, मुलगी पसंत?"

ते म्हणाले, "व्हय, लई गुनाची हाय. पर आमच्या पंचशीलेचं टेबल तुमच्या बाजूलाच हाय का?"

पुढचं काय सांगू. हळूहळू उलगडलं. हे ज्ञानोबा, ढोकीचे. ह्या कोंडाबाई. पंचशीला त्यांची लेक, तिला नव्या जिल्हा कचेरीत नोकरी लागली आहे, टंचाई शाखेतच, आणि सोमवारी रुजू व्हायचं म्हणून आई, बाप आणि भाऊ तिला सोडायला आले होते. भावाचं लग्न होऊन दोन मुलं आहेत. आणि आमचा पाहुणचार बघून ज्ञानोबांना वाटलं होतं ते असं, "म्या म्हनलं, नवा जिल्हा हाय, नव्या नोकरदाराला असंच घेत असतील. सरकार सुधारलं."

आधी पंचशीला हसली, मग इंदू, मग सगळेच. त्यांचं घर बौद्ध आहे हे ज्ञानोबांनी आपणहून सांगितलं, सरळ ह्यांच्याकडे बघून. आता पुढं काय होतंय ते बघू, असं त्या बघण्यात होतं. वहिनी विचारतील म्हणून लिहिते: हो, माझी नजर तांब्याकडे गेली. ह्यांची गेली नाही. ह्यांच्या डोक्यात एकच, की हे गृहस्थ आता आपल्या कार्यालयाचे पाहुणे, तेव्हा त्यांना स्टेशनाचा इतिहास सांगितलाच पाहिजे. ह्यांनी सुरू केलं, रेल्वे आणणारा साहेब कोण, कंपनी कुठली, ही विहीर किती खोल, आणि बघा, आज ज्यानं पाय धुतले ते तिचंच पाणी.

ज्ञानोबा ऐकत होते. मग म्हणाले, "हीर ठाऊक हाय. आमच्या आज्यानं खांदली. रूळ टाकत टाकत ढोकीवरनं हितवर आली आमची मान्सं. खांदत व्हता तवर त्यातलंच पानी प्याला. बांधून झाली, मंग न्हाई."

फलाटावर पूर्वी हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असे दोन माठ असायचे, हे मला आठवतं. ह्या माणसांना दोन्हींतलं मिळत नव्हतं, हे मला कधी आठवलंच नव्हतं. मी त्यांच्या ओल्या पायांकडे पाहिलं, आणि अण्णा, त्या स्टेशनाचं मला आजवर वाटलं नव्हतं एवढं अप्रूप वाटलं. भीतीही वाटली. आपण रुळांना नमस्कार केला तो बरोबर होता, पण ते रूळ टाकले कुणी हे विचारलं नव्हतं. हे तर उठलेच. म्हणाले, चला, दाखवा मला विहीर. आणि दोघं म्हातारे, मागे भाऊ, मागे दोघी पोरी, असे सगळे विहिरीवर गेले. कठड्यावरून वाकून बघितलं. खाली काळंभोर पाणी होतं, त्यात आभाळ होतं. ज्ञानोबांनी एका दगडावर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. कोंडाबाई मात्र म्हणाल्या, "चांगली खांदली की म्हातारबानं," आणि सगळ्यांना हसू फुटलं.

अण्णा, तुम्ही आता ओरडत असाल, अगं, बार्शीचे कुठे आहेत? मलाही तेव्हाच आठवलं. ते मागच्या डब्यातून उतरून मालधक्क्याच्या सावलीत आमची वाट बघत उभे होते. पांढऱ्या टोपीतले दुसरे गृहस्थ फलाटावरून चालत येताना दिसले तेव्हा मी आधी डब्यात पोहे किती उरलेत ते पाहिलं. हे धावले, माफी मागितली, घडलं ते सगळं भाबडेपणानं सांगितलं (ह्यांना काय लपवावं ते कळत नाही), बाकावर बसवलं आणि बादली पुढे ओढली.

वकीलसाहेबांनी पाय मागे घेतले. विनयानं नव्हे. म्हणाले, "पाणी द्या, पण तांब्या दुसरा काढा." आवाज चढवला नाही. जेवताना मीठ मागावं तसे म्हणाले. ज्ञानोबा चार हातांवर उभे होते. पंचशीलेनं पिशवी खांद्याला लावली. मुलगा आपल्या बुटांकडे बघत होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांच्या हातातला तांब्या तसाच अधांतरी.

इंदू म्हणाली, "दुसरा तांब्या नाही."

अण्णा, होता. गूळ-पाण्यासाठी आणलेला दुसरा तांब्या माझ्या पिशवीत होता, इंदूनंच सकाळी त्यात ठेवला होता. मी पिशवी पदराखाली घेतली.

वकीलसाहेबांनी टोपी सारखी केली. मग चौघं उठून समोरच्या हॉटेलात गेले आणि त्याच गाडीनं परत गेले. पाय न धुताच. मी घरी येऊन थोडी रडले, ते खोटं कशाला सांगू. बरं स्थळ होतं, मुलगा दिसायला चांगला होता. इंदू मात्र रडली नाही, तिनं उरलेले पोहे खाल्ले.

तर हा निकाल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाऊस पडला तर कळवा, आम्ही बघायला येऊ.

तुमची धाकटी बहीण,
सौदामिनी

ता. क. वकीलसाहेबांचं पत्र तुम्हाला येईलच. तुमचा शब्द खाली पडला याचं मला फार वाईट वाटतं. पण त्यांच्याकडे माफी मागायला जाऊ नका. सौदामिनीनंच बिघडवलं असं लिहा, ते खरंही आहे.

ता. क. दुसरा. हे आता रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी तांब्या घेऊन स्टेशनावर उभे असतात आणि उतरेल त्याचे पाय धुतात. एक विमा एजंट फार घाबरला. स्टेशनमास्तर म्हणाले, पाणी जपून वापरा. कचेरीत पोचायला उशीर होतो म्हणून साहेब चिडले होते, पण पंचशीलेनं ह्यांचं टेबल सांभाळून घेतलं.

ता. क. तिसरा, आणि खरं तर पत्र लिहायला बसले ते ह्याचसाठी. इंदूनं बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे. ह्यांनी सही केली, मी करायला लावली. परीक्षेचं केंद्र नांदेड आहे. पंचशीलाही बसते आहे. दोघी मिळून अभ्यास करतात, आमच्या स्वयंपाकघरात. परीक्षेच्या आदल्या दिवशी दोघी सकाळच्या एसटीनं निघतील आणि दोन रात्री राहतील. वहिनींचं सोवळं मला ठाऊक आहे, आणि वहिनी बोलायला लागल्या की तुमचं पेपर वाचणंही ठाऊक आहे. पंचशीलेला ओसरीवर बसवलंत तर इंदू ओसरीवरच बसेल, ती कुणाचं ऐकत नाही. नांदेडला धर्मशाळा कुठे आहे, असं पंचशीलेनं मला विचारलं होतं. मी तुमचा पत्ता दिला.